शेवटचं पान उभ्यानं वाचायचं

माझ्याकडे एका कादंबरीचं शेवटचं पान आहे. वहीचा रेघांचा कागद, निळी शाई, घडी पडून पडून मधोमध विरलेला. ते पान खोटं आहे हे मला तीन वर्षांनी कळलं, तेही भरल्या मांडवात, माईक हातात असताना. ज्यांनी ते पान लिहिलं त्या शालिकभाऊंबद्दल लिहायला बसले आहे. मी आठवीतून शाळा सोडलेली बाई. जमेल तसं लिहिते.

मूळची मी सांगली जिल्ह्यातली. एकोणिसाव्या वर्षी मारुतीबरोबर घर सोडलं. तो दुसऱ्या जातीचा, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. काम तिथं आम्ही, असं करत करत सेलूहून केळझरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात आलो आणि टिकलो. मुलगी इथंच झाली. घर सोडलं तेव्हा आबा म्हणाले होते, "हे दार तुला बंद." आबांचा शब्द म्हणजे शब्द. पुढे ते वारले, ते मला दीड महिन्यानं कळलं. भाऊ पुण्याला गेलेला, आई घरात एकटी. तरी मी ना फोन केला, ना पत्र लिहिलं. राग नव्हता. भीती होती. आईनं आवाज ओळखून फोन ठेवला तर पुढे काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अकरा वर्षं अशी गेली.

वाचनालयात मी पहिल्यांदा गेले ती रद्दी मागायला. घरी शेव-चिवडा करून विकत होते, पुड्यांना कागद लागायचा. चौकातल्या कडुनिंबाखाली दोन खोल्यांचं वाचनालय. झाडाला स्टँड नसलेली सायकल टेकवलेली. आत एक काटकुळे गृहस्थ, खिशाला दोन पेनं, एक लाल आणि एक निळं. समोर टीनच्या झाकणात ओला स्पंज. पानं उलटायला तो. थुंकी लावून पान उलटणाऱ्याला ते हाकलून देत.

"रद्दी मिळेल का?" मी विचारलं.

"इथं रद्दी नाई भेटत, बाई. मंदिरात चपला भेटतात काय इकत?"

मी वळले. तेवढ्यात ते म्हणाले, "कालचा पेपर ने. वाचून उद्या आनून देजो. वाचला का नाई ते मी इचारतो, सांगून ठेवतो."

पेपर नेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच विचारलं. तिसऱ्या पानावर खालच्या कोपऱ्यात काय आहे? मला सांगता आलं, कारण अशा परीक्षेच्या धाकानं मी पेपर तीनदा वाचला होता. मी आहेच अशी. गॅसचं बटण तीनदा बघते, पुस्तक मुदतीच्या दोन दिवस आधी परत करते. शालिकभाऊंनी हे ओळखलं आणि मला सभासद करून टाकलं.

फॉर्मात एक रकाना होता, 'कायमचा पत्ता'. मी माहेरचा लिहिला. गाव, तालुका, आबांचं नाव, सगळं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "इथला काऊन नाई लिवला?"

"इथं भाड्यानं राहतो भाऊ. कायमचं काय आहे आमचं?"

"अन् तिथं हाये?"

मी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी लाल पेनानं क्रमांक टाकला आणि फॉर्म ठेवून दिला. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'सांगलीवाली' ठेवलं. आजही गावात निम्म्या लोकांना माझं खरं नाव माहीत नसेल.

शालिकभाऊ या वाचनालयात आधी चपराशी होते. ग्रंथपाल फार पुढे झाले. आपल्या तोंडानं त्यांनी हे एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. त्यांचा एक नियम होता, शेवटचं पान उभ्यानं वाचायचं. मला वाटायचं असेल काही विक्षिप्तपणा. मी म्हटलं, "का हो भाऊ, बसून वाचलं तर अक्षरं पळतात का?"

"झाडू मारता मारता वाचलं मी सगळं," ते म्हणाले. "आमच्या लोकाईनं त्या खुर्च्यांवर बसाचं म्हनजे तवा लोकांच्या कपाळाले आठ्या पडे. म्हून उभ्यानंच वाचलं. पन फायदा झाला. उभा मानूस शेवट वाचते तवा जागा राह्यते. बसलेल्याले वाटते, झालं, संपलं."

आणि मग लगेच, "तो स्पंज कोरडा झाला वाटते, पानी टाक." विषय बंद.

शेवटच्या पानाची भानगड सुरू झाली ती वाचनालयाच्या अध्यक्षांमुळे. ते कापडाचे व्यापारी, मोठ्या मनाचे, पंखे-बाकं त्यांनीच दिलेली. वाचत मात्र नसत. एकदा जाडजूड कादंबरी परत करताना म्हणाले, "काय पुस्तक आहे शालिक. शेवटाला तर डोळ्यात पाणी आलं."

"कोन गेलं म्हनता शेवटी, शेठजी?"

"ती बिचारी सून."

"पुस्तक संपेपावतर पोराचं लगनच नाई झालं. सून कुठून आनली?"

अध्यक्ष हसले, बाकीचेही हसले. शालिकभाऊ हसले नाहीत. त्यांना जे पुस्तक प्यारं होतं ते लोक नुसतं हवा खायला घरी नेतात, हे त्यांच्या जिवाला लागलं. त्यांनी ब्लेड घेतलं आणि निवडक कादंबऱ्यांची शेवटची पानं अलगद कापून काढली. जुनी पाकिटं उलटी करून चिकटवली, प्रत्येकावर लाल शाईनं पुस्तकाचा क्रमांक टाकला, आत पान. पाकिटं टेबलाच्या खणात. तुम्ही पुस्तक वाचायचं, पानं संपली की इथं यायचं, पुढे काय होईल ते आपल्या तोंडानं सांगायचं. मग पाकीट मिळणार. खिडकीपाशी उभं राहून वाचायचं आणि पान परत करायचं. सांगितलेला शेवट चुकला तरी चालेल. सांगितलाच नाही तर पान नाही.

"अर्धं वाचलेलं पुस्तक म्हनजे अर्ध्या रस्त्यात उतरोलेला पावना," असं ते म्हणत. "त्याले घरापावतर पोचोलं पाह्यजे."

आधी लोक चिडले. मग चटक लागली. शनिवारी संध्याकाळी खिडकीपाशी रांग लागायची. आपला शेवट बरोबर येतो की लेखकाचा, यावर पैजा लागायच्या. हमाली करणारा एक गडी तर म्हणायचा, "लेखक चुकला भाऊ, माझाच बरोबर होता." आणि शालिकभाऊ त्याला गंभीरपणे म्हणायचे, "लिवून दे, पाकिटात ठेवतो."

तपासणीला साहेब आले तेव्हाचं मी स्वतः पाहिलं. चिवड्याच्या पुड्या पोचवायला गेले होते. साहेबांनी कपाटातलं एक पुस्तक काढलं, शेवटी उघडलं आणि दचकले. दुसरं काढलं. तिसरं. "ही पानं कोणी फाडली?"

"फाडली नाई साहेब. ठेवली हायेत."

"सार्वजनिक पुस्तकाला ब्लेड लावता तुम्ही?"

"लावलं. आता हे घेऊन जा आठ दिवस. मंग बोला."

साहेबांनी रागानं का होईना, पुस्तक नेलं. आठ दिवसांनी स्कूटरवरून आले. सुट्टीचा दिवस होता, हातात वर्ध्याच्या बाजारातली भाजीची पिशवी. दारातूनच म्हणाले, "तो धाकटा भाऊ खरं सांगून टाकतो, असं मला वाटतं." शालिकभाऊंनी न बोलता पाकीट पुढे केलं. साहेब खिडकीपाशी उभे राहिले. पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. शेऱ्यात त्यांनी 'पाने त्वरित पूर्ववत चिकटवावीत' असं लिहिलं, पण पुढचं पुस्तक घेऊन गेले.

चतुर्थीला केळझरच्या गणपतीला गर्दी होते. तिथं शालिकभाऊ पायऱ्यांच्या खाली सतरंजी टाकून बसायचे. देव, दक्षिणा यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ते घरात बुद्धाला फूल वाहणारे. पाटीवर लिहिलेलं असे, 'चपला फुकट सांभाळल्या जातील. परत घेताना एक पान मोठ्यानं वाचावे.' लोक पान वाचून चपला न्यायचे. एकदा नागपूरकडची एक नटलेली बाई म्हणाली, "वाचता नाही येत हो मला." शालिकभाऊ म्हणाले, "मंग मी वाचतो, तुम्ही ऐका, चपला भेटन." बाई ऐकत बसली ती नवरा हॉर्न वाजवून थकला तरी उठेना. जाताना तिनं विचारलं, "पुढचं पान कुठे मिळेल?" त्या दिवशी परतताना शालिकभाऊ सायकलवर गाणं म्हणत होते. सूर अजिबात नव्हता.

आता माझ्या पानाचं सांगते. पुस्तकाचं नाव इथं लिहीत नाही. जुनी कादंबरी, पुठ्ठा गेलेली. एक मुलगी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध नदीपलीकडे निघून जाते. कितीतरी वर्षांनी गाठोडं घेऊन परत येते, आईच्या दारात उभी राहते. 'तिनं कडी वाजवली.' तिथं पान संपलं.

ते पुस्तक त्यांनी मला मुद्दाम दिलं नव्हतं. मीच कपाटातून काढलं होतं. दोन दिवसांत वाचलं आणि वाचनालयात गेले.

"सांग, काय होईन?" ते म्हणाले.

"दार उघडणार नाही."

"काऊन?"

"उघडत नाहीत भाऊ."

"कोनाचे?"

मी पुस्तक त्यांच्यापुढे टेबलावर ठेवलं.

"तू वाजोली होती काय कडी?"

"नाही."

"मंग तुले काय मालूम?"

त्यांनी खण उघडला, पाकीट काढलं, माझ्याकडे पाठ करून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पाकीट परत आत सरकवलं. "पान खराब झालं वो माय. उधईनं खाल्लं. दुसऱ्या लायब्ररीतून उतरून आनतो. पंधरा दिवसानं येजो."

त्या पंधरा दिवसांत वाचनालय आठ दिवस त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी उघडलं. असं कधी झालं नव्हतं. "कुठं गेले?" विचारलं तर म्हणाल्या, "पुस्तकं मागाले गेले, तिकडं पुन्याकडं. मले काय सांगतात ते?" दारोदार जुनी पुस्तकं मागायची त्यांची सवय साऱ्या पंचक्रोशीला माहीत होती, पण ते सेलू-वर्ध्याच्या पलीकडे कधी गेलेले नव्हते. परत आले तेव्हा खादीच्या पिशवीत दोन फाटकी पुस्तकं आणि एक हळदीचा डाग पडलेलं जुनं पंचांग.

"पंचांग कशाला आणलंत भाऊ? तुम्ही तर पाहत नाही."

"ज्यानं जे देल्लं ते घ्याव," ते म्हणाले, आणि पंचांगाला कव्हर घालत बसले. त्यांचा चेहरा उन्हानं काळवंडला होता.

मग त्यांनी मला पाकीट दिलं. आत छापील पान नव्हतं, त्यांच्या हातचं होतं. त्यांचं अक्षर छापल्यासारखं, वाचनालयाचे सगळे फलक तेच रंगवत. मी खिडकीपाशी उभी राहिले.

कडी वाजली. आतून पावलं आली. दार उघडलं. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दारात किती येळ उभी ऱ्हाणार हाईस? भाकरी गार हुत्याय."

एवढंच. पुढे कोरा कागद.

मी ते पान परत दिलं नाही. नियम मोडला. त्यांनीही मागितलं नाही.

वर्ध्याहून थेट मिरजेला जाणारी गाडी आहे. इतकी वर्षं मी तिचं नाव नुसतं ऐकून होते. पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन त्या गाडीत बसले. मारुती स्टेशनवर चार वेळा म्हणाला, "नाही उघडलं तर लगेच परत ये, रडत बसू नको तिथं." माझ्या पिशवीत ते पान होतं. आमच्या घराची कडी तीच, जुनी. वाजवली. आतून पावलं आली.

आई वाळली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "दारात किती येळ उभी ऱ्हाणार हाईस? भाकरी गार हुत्याय."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. आईला वाटलं प्रवासानं. तिला कसं सांगायचं की तू आत्ता पुस्तकातलं वाक्य बोललीस? मला वाटलं, जगातल्या सगळ्या आया एकच वाक्य बोलतात आणि लेखकांना ते ठाऊक असतं. वाचणं म्हणजे काय ते मला त्या उंबऱ्यावर कळलं, असं मी पुढे सगळ्यांना सांगत सुटले. परत येऊन शालिकभाऊंना सांगितलं तेव्हा ते स्पंज पिळत होते. "बरं झालं," म्हणाले आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

तीन वर्षं अशीच गेली. यंदा वर्धापनदिनाला मांडव घातला होता. शालिकभाऊंनीच कार्यक्रम ठरवला, पाच वाचकांनी आपल्या आवडीचं शेवटचं पान मोठ्यानं वाचायचं. पाहुण्या म्हणून वर्ध्याच्या एक निवृत्त प्राध्यापिका. मी कोणतं पान वाचणार ते भाऊंना सांगितलं नव्हतं. त्यांना चकित करायचं होतं.

माझं नाव पुकारलं. स्टेजवर गेले, पुस्तकाचं नाव सांगितलं. मागच्या रांगेत चपलांपाशी बसलेले शालिकभाऊ उठले. पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यापाशी आले. माईकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "दुसरं वाच, माय."

मला वाटलं थट्टा. "हेच वाचणार," मी म्हटलं. ग्लास त्यांच्याच हातात राहिला.

मी वाचलं. मांडवात बायका डोळे पुसत होत्या. मग पाहुण्या बाईंनी माईक घेतला. अगदी मऊ आवाजात बोलल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून. "फार सुंदर वाचलंस. पण बाळ, हे तुला कोणी दिलं? मी हे पुस्तक वर्गात शिकवलं आहे. या पुस्तकात दार उघडत नाही. ती सकाळपर्यंत उंबऱ्यावर बसते आणि निघून जाते. ही ओळ यात कुठेच नाही."

कुणीतरी हसलं. मी शालिकभाऊंकडे पाहिलं. ग्लास तसाच हातात, खाली मान. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, दार उघडत नाही. मी खोट्या कागदाच्या भरवशावर लेकीला घेऊन एवढ्या लांब गेले होते. आईनं दार उघडलं ते निव्वळ नशीब. आणि नसतं उघडलं तर?

सगळे पांगल्यावर मी त्यांना वाचनालयात गाठलं.

"तुम्ही लिहिलं ते?"

"हो."

"उधई लागली होती ते?"

"खोटं."

"दार उघडलं नसतं तर भाऊ? माझ्या पोरीदेखत?"

ते अंगठ्यानं स्पंज दाबत राहिले. "उघडलं नं?" एवढंच म्हणाले.

मला त्या दोन शब्दांचा इतका संताप आला की मी सभासद कार्ड टेबलावर टाकून निघून आले. महिनाभर त्या चौकातून गेले नाही. गावात चर्चा सुरू झाली. एक पान खोटं, तर बाकीची कशावरून खरी? अध्यक्षांनी चार लोक बसवून पाकिटं तपासली. सगळी छापील, सगळी खरी. खोटं एकच, माझं. तरी समितीनं ठरवलं, खेळ पुरे, पानं चिकटवून टाका आणि शालिकभाऊ, तुम्ही आता आराम करा. त्यांचा मुलगा चंद्रपूरला नोकरीला आहे. तो कधीचाच बोलावत होता. शालिकभाऊ म्हणे लगेच हो म्हणाले. वाद घातला नाही.

दिवाळीला मी आईकडे गेले तेव्हा राग काढायला तीच सापडली. चुलीपुढे बसून सगळं सांगितलं. त्या म्हाताऱ्यानं कसं फसवलं, पान कसं खोटं निघालं, भर मांडवात कशी शोभा झाली. आई भाकरी थापत ऐकत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"काटकुळा हाय का गं? दोन पेनं खिशाला?"

"तुला काय माहीत?"

"तो आलता की हितं. तू यायच्या आधी, पंधरा-वीस दिस."

मी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवून तिच्यासमोर सरकले.

"पुस्तकं मागत आला," आई म्हणाली. "म्हटलं, आमच्यात कुठली पुस्तकं? मग पाणी मागितलं. बसला. लई येळानं म्हणाला, 'माय, तुमची पोरगी दारात आली तं काय म्हनसान?' मी घाबरले. म्हटलं, जिती हाय का? व्हय म्हणाला, नातबी हाय. मग मी रडले. तो पुन्ना म्हणाला, 'सांगा, काय म्हनसान?' म्हटलं, काय म्हणायचं असतंय? म्हणीन, दारात किती येळ उभी ऱ्हाणार हाईस, भाकरी गार हुत्याय. त्यानं लगेच कागुद काढून लिवून घेतलं बघ. निळ्या पेनानं."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यानंच शपथ घातली. म्हणाला, तिला तिच्या पायानं येऊ द्या. द्यायला घरात काय नव्हतं. रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं? मग खुंटीवरचं जुनं पंचांग दिलं."

हळदीचा डाग पडलेलं पंचांग. कशाला आणलंत, असं मी विचारलं होतं.

त्या चुलीपुढे मला जे वाटलं त्याला धक्का म्हणू की काय म्हणू. मांडवातला धक्का त्यापुढे काहीच नव्हता. तीन वर्षं मी समजत होते की आई पुस्तकातलं बोलली. पुस्तकच आईचं बोललं होतं. सत्तरीच्या आसपासचा माणूस, सेलू-वर्ध्याच्या पलीकडे न गेलेला, एका फॉर्मातल्या 'कायमच्या पत्त्या'वर विसंबून दिवस-रात्र गाडीत बसून आला, माझ्या दाराची कडी आधी स्वतः वाजवली, आणि मग पान लिहिलं. आणि मी विचारलं, उघडलं नसतं तर? तेव्हा नुसतं 'उघडलं नं' म्हणून गप्प बसला. भर मांडवात खोटा ठरला, तरी आईला घातलेली शपथ स्वतःही पाळली.

आईनं निघताना भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "त्या माणसाला दे," म्हणाली.

वर्ध्याला उतरले ती ऑटो करून सरळ वाचनालयात. वाटेत एकच भीती, गेले तर नसतील? सायकल कडुनिंबाला होती. आत जमिनीवर पुस्तकांचे ढीग, मधे खळीचं भांडं. शालिकभाऊ पाकिटातून पान काढायचे, कापलेल्या कडेला बोटानं खळ लावायचे, पान जागच्या जागी बसवायचे, वर वीट ठेवायचे. उद्याच्या गाडीनं चंद्रपूर. आज शेवटचे ढीग.

माझी चाहूल त्यांना लागली नाही. त्यांच्या हातात ते पुठ्ठा गेलेलं पुस्तक होतं. पाकिटातून त्यांनी छापील पान काढलं, खरं पान, तीन वर्षं माझ्यापासून लपवलेलं. चिकटवायच्या आधी गुडघ्यावर हात ठेवून उठले, खिडकीपाशी गेले आणि उभ्यानं वाचू लागले. त्यांना ते पाठ असणार. तरी ओठ हलत होते.

काय बोलायचं ते मी गाडीत खूप जुळवलं होतं. माफी, आभार, पायावर डोकं. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. डबा पुढे धरून म्हटलं, "भाऊ, किती येळ उभं ऱ्हाणार हाईसा? भाकरी गार हुत्याय."

पान हातात तसंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"मायनं सांगतलं?"

"हो."

"बोलू नोका म्हनलं होतं मी तिले." चष्मा कपाळावर सारत म्हणाले, "मी तोंडानं सांगतलं असतं तं तुले खरं वाटलं नसतं. तुले मानसाचं खरं वाटत नव्हतं वो माय. पुस्तकाचं वाटे."

मग परत खाली बसले, कडेला खळ लावली, छापील पान पुस्तकात बसवलं, वर वीट ठेवली. "ज्याचं त्याले देल्लं पाह्यजे," म्हणाले. "तुह्यं तुह्यापाशी हाये नं?"

"आहे."

त्यांनी स्पंजाच्या झाकणातल्या पाण्यात बोटं बुडवून खळ धुतली, डबा उघडला, चटणीचं बोट चाटलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठसकले. "लय तिखट हाये सांगली," म्हणाले आणि बाकावरची पुस्तकं सरकवून मला जागा केली.